वाळवंटाची साय

धुळीला पासपोर्ट लागत नाही, एवढी साधी गोष्ट कळायला अरब देशांच्या सरकारांना पन्नास वर्षं लागली. इराकच्या दक्षिणेला, समावा शहराच्याही खाली, जिथे नकाशावर नुसता पिवळा रंग असतो, तिथल्या माळावर सकाळी वारा उठायचा. दुपारी तीच माती कुवेतच्या विमानतळावर उतरायची आणि संध्याकाळी रियाधच्या दवाखान्यांत खोकणाऱ्यांच्या रांगा लागायच्या. मग हे देश एकमेकांना खरमरीत पत्रं लिहायचे. पत्रांनी धूळ बसली असती, तर हा माळ केव्हाच फरसबंद झाला असता.

त्या माळाच्या कडेला एक लहानसं गाव होतं आणि तिथल्या शाळेत मुंतहा विज्ञान शिकवायची. पत्रांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिला घोर होता तो रीमचा. रीम तिची एकुलती एक मुलगी, आणि तिला धुळीचा दमा होता. हवा तांबडी झाली की पोरीचे ओठ निळे पडायचे. रीम सात वर्षांची असताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "दहावं लागायच्या आत हिला स्वच्छ हवा मिळाली पाहिजे. नंतर फुप्फुसं कायमची आखडतील. तुम्ही हे गाव सोडा."

सोडून जायला जागाही होती. मुंतहाचा नवरा हैथम ओमानमध्ये सलाला बंदरावर क्रेन चालवायचा. तिथे समुद्राचा वारा होता, हिरवे डोंगर होते. दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा, "घर बघून ठेवलंय. या ना निघून!" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मुंतहाचे वडील, मुतलग, जमातीचे शेख होते, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन्ही मुलगे लढाईत गेलेले. मुलगी आणि नात, एवढंच काय ते त्यांचं उरलेलं. त्यांना सलालाला चला म्हणणं म्हणजे खजुराच्या झाडाला चल म्हणण्यासारखं होतं. मुंतहाने एकदा विचारून पाहिलं, तर म्हातारा नुसता हसला आणि मेंढ्या मोजायला उठून गेला.

नेमकी त्याच वर्षी मृदासंघाची योजना आली.

सात अरब देशांनी मिळून हा संघ काढला होता. सुरुवातीला सगळ्यांनीच त्याला नाकं मुरडली. सात देशांची तोंडं सात दिशांना, त्यात बैठका थंडगार हॉटेलांत. उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच. आणि या माळावरच्या लोकांनी तर खरोखरच उंटावरून शेळ्या हाकलेल्या असल्यामुळे, त्या उद्योगात शेळ्या कशा चुकतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पण संघाने पाठवलेली बाई हॉटेलात बसणारी निघाली नाही. डॉ. दलेंदा ट्युनिशियाची होती. बुटकी, उन्हाने रापलेली आणि तोंडाळ. तिची बोली इथे कोणाला कळत नसे आणि यांची तिला कळत नसे, म्हणून दोन्ही बाजू बातम्या वाचल्यासारखी पुस्तकी अरबी बोलत. त्यामुळे "चहात साखर कमी आहे" हे वाक्यसुद्धा जाहीरनाम्यासारखं वाटायचं. शाळेत पहिल्याच दिवशी तिने वाटीभर गैमर मागवलं. गैमर म्हणजे म्हशीच्या दुधावरची जाड साय. इराकी माणूस सकाळी भाकरीबरोबर ती खातो आणि मग जगाला तोंड दाखवतो.

"दूध हलवलं तर सांडतं," दलेंदा मुलांना म्हणाली. "पण वर साय धरली की?"

"धरून राहतं!" मुलं ओरडली.

"वाळवंटालाही अशीच साय असते."

मग तिने समजावलं. वाळवंटाची माती मेलेली नसते. तिच्या वरच्या बोटभर थरात निळसर-हिरवे सूक्ष्मजीव राहतात, केसाहून बारीक धाग्यांसारखे. दव पडलं की ते जागे होतात, कणाकणांतून सरपटतात आणि मागे चिकट साखर सोडतात. त्या साखरेने मातीचे कण एकमेकांना चिकटतात आणि जमिनीवर एक कातडी तयार होते. ती असेपर्यंत कितीही वारा सुटो, धूळ उठत नाही. पण रणगाडे, ट्रक, बेसुमार चराई यांनी ही कातडी जागोजाग फाटली होती, आणि आपसूक धरायची तर तिला एका माणसाचं अख्खं आयुष्य लागतं.

दलेंदाच्या प्रयोगशाळेने लावलेला शोध असा होता, की तीन ठिकाणचे जीव एकत्र वाढवले तर हेच काम दोन हिवाळ्यांत होतं. ट्युनिशियाच्या खाऱ्या सरोवराकाठचा जीव मिठाला दाद देत नाही. ओमानच्या धुक्याच्या किनाऱ्यावरचा हवेतूनच पाणी ओढतो. आणि इराकच्या माळावरचा अंगात गडद रंग साठवून बाकी दोघांवर सावली धरतो. एकेकटा कोणताही पेरा, पहिल्या उन्हाळ्यात मरतो. तिघे एकत्र असले की तगतात. पहाटेच्या दवात ड्रोन खाली उतरवून हे मिश्रण फवारायचं आणि दोन हिवाळे तिकडे पाऊल टाकायचं नाही. कारण ही साय ओली असताना चिवट, पण सुकली की पापड. एक चाक गेलं तरी मोडते, आणि मोडलेल्या कडेपासून वारा ती कुरतडत नेतो.

सातही देशांच्या शाळांत या विषयाचा एकच धडा लागला. सलालाच्या, ट्युनिशियातल्या गाबेसच्या, अम्मानच्या मुलांनी वर्गात तबकांमधून ही साय वाढवायची आणि माळावर पाठवायची. एका पुस्तकातला एक धडा सगळ्या अरब मुलांनी एकाच वर्षी शिकावा, हे मुंतहाने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. ती शिकवताना वेगळ्याच तोऱ्यात फिरू लागली. मुलांनी तिचं नाव गैमरबाई ठेवलं, आणि ते तिला आवडलं हे तिने कोणाला कळू दिलं नाही.

माळ बंद करायचा तर शेखची परवानगी हवी. मुतलगने सगळं ऐकून घेतलं, नातीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "दोन हिवाळे माझ्या मेंढ्यांचा खूर तिथे पडणार नाही." शेखचा शब्द तो जमातीचा शब्द. मेंढपाळ लांबच्या वळणाने जाऊ लागले. लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायका थांबल्या. वसंतात वाळूखाली सापडणारी कमा नावाची अळंबी म्हणजे या लोकांचा जीव की प्राण, पण तीही उकरायला कोणी गेलं नाही. माळाच्या कडेने पांढरे रंगवलेले दगड मांडले होते. त्यांच्या आत वारा आणि पाखरं सोडून कोणी शिरलं नाही.

आणि साय धरली! दुसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीला तो पिवळा माळ गडद झाला होता, भाजलेल्या भाकरीच्या रंगाचा. धुळीचे दिवस निम्म्याहून कमी झाले. रीम शाळेच्या अंगणात दोरीवरच्या उड्या मारायला लागली. हैथमचा फोन आला की मुंतहा म्हणायची, "थोडं थांब. इथेच जमेल असं दिसतंय."

संघाची समिती माळ पाहायला येणार असं कळलं. आवडला तर सीरियापासून आखातापर्यंत सगळ्या वाळवंटावर पेरणी करायची, असा बेत होता. मुंतहा आनंदाने वडिलांकडे धावली. "बाबा, सात देशांची माणसं येताहेत. त्यांचा मान राहील असं बघा हं!"

मुतलगने छातीवर हात ठेवला. "ते मला सांगायला नको, बेटा."

खरोखरच सांगायला नको होतं.

समितीच्या गाड्या डांबरी रस्त्याने आल्या. रस्ता माळाला वळसा घालून येतो, त्यामुळे पलीकडच्या टोकाला त्यांच्या काचा चमकताना गावातून दिसतात. मुंतहा दलेंदाबरोबर शाळेच्या गच्चीवर उभी होती. काचा चमकल्या आणि त्याच क्षणी गावातून आरोळी उठली. वडिलांच्या काळ्या तंबूमागून आधी उंट निघाले, मग पिकअप गाड्या, एकीमागून एक. टपावर झेंडे, मागे उभे राहून तलवारी नाचवत गाणारे तरुण, आणि सगळ्यांत पुढे उघड्या गाडीत उभा असलेला तिचा बाप. पाहुणा दिसल्यावर तंबूत बसून त्याची वाट पाहणारा यजमान या जमातीत कंजूष समजला जातो. पाहुण्याला सामोरं जायचं असतं, आणि तेही सरळ रेषेत, वळसा न घेता. वळसा घेणं म्हणजे "मला काही घाई नाही" असं सांगणं.

सरळ रेष माळावरून जात होती.

"नाही, नाही, नाही," दलेंदा म्हणत होती. तेवढं कळायला पुस्तकी अरबी लागत नव्हती.

गाड्या पांढऱ्या दगडांमधून आत शिरल्या. दगडांना धक्का लागू नये म्हणून ड्रायव्हरांनी मोठ्या काळजीने चाकं सांभाळली, आणि मग पंख्यासारखे फाकून ते सगळ्या माळावर दौडत सुटले. दोन हिवाळ्यांची साय त्यांच्या चाकांखाली पापडासारखी मोडत गेली. मुंतहाने मेंढ्या सांगितल्या होत्या, लाकूडफाटा सांगितला होता, अळंबीसुद्धा सांगितली होती. स्वागत सांगायचं राहिलं होतं. ते तिला सुचलंच नाही, कारण ती त्याच घरात वाढलेली. स्वागताला जाणं म्हणजे कुठे जाणं असं तिलाही कधी वाटलं नव्हतं. श्वास घेऊ नका असं कोणी कोणाला सांगतं का?

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. मोडलेल्या पट्ट्यावरून धुळीची भिंत उठली आणि समितीच्या डोक्यावरूनच गेली. अध्यक्ष डॉ. नाइफ सीमेपलीकडचे, सौदी; मोजकं बोलणारे गृहस्थ. कपडे झटकत ते मुंतहाला म्हणाले, "बाई, तुमच्या कामात खोट नाही. पण हा प्रश्न विज्ञानाचा नाही. हजार मैलांचं वाळवंट राखायचं कोणी? कुंपण घालता येत नाही, आणि सैन्य आणलं तर त्यांचेच ट्रक त्यावरून जातील. शब्द देणारी माणसंही अशी. उद्या आम्ही निघू. योजना इथेच थांबवावी असंच सगळ्यांचं मत आहे."

तेवढ्यात घरून निरोप आला, रीमला धाप लागली होती. मुंतहाने तिला औषधाची वाफ दिली, पाठ चोळली, आणि ती शांत झाल्यावर वडिलांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्ही शब्द दिला होता."

"मेंढ्यांचा दिला होता. पडला एक तरी खूर?" मुतलगचा आवाज चढला. "आणि मान राखा म्हणून कोण सांगायला आलं होतं? सात देशांचे लोक माझ्या दारात यायचे आणि मी बसून राहायचं? माझ्या बापाचं थडगं थरथरलं असतं!"

"तुमच्या मानापायी माझ्या पोरीचा श्वास गेला!"

बोलून गेल्यावर तिला वाटलं, जीभ हासडून टाकावी. मुतलग उठून मेंढ्यांकडे निघून गेले. मुंतहा घरी आली आणि तिने पलंगाखालची मोठी बॅग ओढून काढली. रीमचे फ्रॉक तिने घड्या घालून आत ठेवले. मग ती बॅगेशेजारीच बसून राहिली. हैथमला फोन लावायचा होता, पण लावला की संपलं, हे तिला माहीत होतं. बाप या वाळवंटात एकटा मरणार, आणि ही सगळी जमीन उडून उडून एक दिवस समुद्रात जाऊन पडणार.

विचार करता करता तिला डॉ. नाइफचा प्रश्न पुन्हा आठवला. राखायचं कोणी? इतकी वर्षं या वाळवंटात कोणी काहीच राखलं नव्हतं का? पोलीस नव्हते, कोर्ट नव्हतं, तेव्हा जीव घेऊन पळणारा माणूस कशाच्या जोरावर वाचायचा?

ती उठली आणि शाळेच्या प्रयोगघरात गेली. गाबेसच्या मुलींनी वाढवून पाठवलेलं सायीचं एक तबक तिथे शिल्लक होतं. ते तिने उचललं.

सूर्य मावळतीला आला होता. तंबूत निरोपाची कॉफी चालली होती. एका बाजूला जमातीचे वडीलधारे, दुसऱ्या बाजूला समिती, मध्ये कॉफीचं पितळी भांडं, आणि सगळे अवघडून बसलेले. पुरुषांच्या बाजूने मुंतहा तबक घेऊन आत शिरली तेव्हा म्हाताऱ्यांच्या भुवया वर गेल्या. ती कोणाकडे न बघता सरळ आत गेली, तबक जमिनीवर ठेवलं, तंबूचा मधला खांब दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि मोठ्याने म्हणाली, "शेख मुतलग, मी दखील आणला आहे. त्याला आसरा द्या."

दलेंदाने शेजारच्या कुवेती सभासदाला हळूच विचारलं, "म्हणजे काय?" त्याने तितक्याच हळू सांगितलं, "जो तंबूचा खांब धरून आसरा मागतो, तो दखील. त्याला नाही म्हणता येत नाही, मग तो खुनी का असेना. आसरा दिला की त्याच्या केसाला धक्का लावणं म्हणजे या तंबूच्या इभ्रतीला हात घालणं. त्यापायी इथे पिढ्यान्‌पिढ्यांची वैरं झाली आहेत."

"कोण आहे दखील?" मुतलगने विचारलं.

"ही," मुंतहाने तबकाकडे बोट केलं. "हिच्या मागे सगळं जग लागलंय, बाबा. गाड्या, रणगाडे, मेंढ्या आणि आपण. हिला पळता येत नाही, म्हणून मी हिला घेऊन आले."

एक म्हातारा उसळला. "माती? मातीला आसरा? हे कधी ऐकलं नाही!"

"ससा ऐकला आहेस ना?" मुतलग सावकाश म्हणाले. "माझ्या आजोबांच्या तंबूत ससा शिरला होता. मागे शिकारी आणि त्यांचे कुत्रे. आजोबांनी तलवार काढून दारात ठाण मांडलं. माझा पाहुणा आहे, म्हणाले. सशाने काय खांब धरून आसरा मागितला होता?"

म्हातारा खाली बसला. मुतलग उठून तबकापाशी आले. वाकून त्यांनी त्या काळपट सुक्या पापुद्र्याला एका बोटाने हलकेच स्पर्श केला. मग डोक्यावरचा रुमाल उतरवून त्यावरचा काळा गोफ, इभ्रतीची खूण, त्यांनी तबकाभोवती ठेवला. तंबूतल्या कित्येकांनी त्यांना उघड्या डोक्याने पहिल्यांदाच पाहिलं.

"हिला माझा आसरा आहे," ते म्हणाले. "या माळावरच्या, आणि माझी माणसं जिथे जिथे आहेत तिथल्या प्रत्येक वीतभर सायीला आहे. जो तिच्यावर चाक घालेल त्याने माझ्या घरात घुसून माझ्या लेकीवर हात टाकला असं मी समजेन." मग ते आपल्या माणसांकडे वळले. "पहिला गुन्हा माझा आहे. तुटलेला सगळा पट्टा मी आणि त्या गाड्यांतला प्रत्येक जण पायी, अनवाणी, कडेने बसून राखू. पुन्हा साय धरेपर्यंत."

कॉफी वाटणारा पुढे झाला. डॉ. नाइफनी पेला हातात घेतला आणि न पिता समोर जमिनीवर ठेवला. सगळ्यांच्या नजरा त्या पेल्याकडे वळल्या. दलेंदाने आपला पेला केव्हाच रिकामा केला होता; ती बिचारी सगळ्यांची तोंडं बघत राहिली. पाहुण्याने कॉफी न पिता खाली ठेवली, तर त्याचं काही मागणं आहे असा त्याचा अर्थ. ते पुरं होईपर्यंत तो घोट घेत नाही.

"बोला, डॉक्टर," मुतलग म्हणाले.

आतापर्यंत बातम्यांच्या भाषेत बोलणारे डॉ. नाइफ अचानक अस्सल वाळवंटी बोलीत बोलू लागले. "माझी आजी तुमच्याच जमातीची, शेख. सीमेपलीकडे आमची अर्धी जमीन उडून गेली आहे. तिथेही हाच आसरा द्या. तुमचा माणूस माझ्याबरोबर पाठवा, आमच्या शेखांच्या तंबूत हेच तबक घेऊन. जॉर्डनमध्ये पाठवा, सीरियात पाठवा. आमचे कागद सीमेवर अडतात. तुमचा शब्द अडणार नाही."

"दिला शब्द," मुतलग म्हणाले. "प्या आता. निवतेय."

डॉ. नाइफनी कॉफी प्यायली आणि सहकाऱ्यांकडे वळून पुन्हा पुस्तकी अरबीत म्हणाले, "अहवालातून थांबवायचं कलम काढून टाका. योजना पुढे चालू." मग त्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले. धूळ गेली असावी, असं समजून सगळ्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं.

मुंतहाने खांब सोडला तेव्हा तिचे हात बधिर झाले होते. मुतलगने ते आपल्या हातांत घेतले. माफी कोणी मागितली नाही. त्या घरात तशी पद्धत नव्हती.

त्या उन्हाळ्यात रीमला सलालाला पाठवलं, आणि मुंतहाने आयुष्यातले सगळ्यांत लांब महिने काढले. तबक सीमेपलीकडच्या तंबूंतून फिरत गेलं. सात देशांच्या शाळांतून इतकी नवी तबकं आली, की शाळेचे दोन वर्ग त्यांनी भरून गेले. जमातीचे तरुण माळाच्या कडेने अनवाणी बसून राहिले. एकदा सैन्याचा ट्रक वाट चुकून आला, तेव्हा त्याच्यासमोर पन्नास जण आडवे झोपले आणि ट्रकला मागल्या पावली जावं लागलं. हिवाळ्यात फवारणी झाली, आणि चाकांमधल्या न मोडलेल्या सायीच्या आधाराने तुटलेला पट्टा एकाच हिवाळ्यात पुन्हा धरला. थंडीबरोबर रीमही घरी आली. आणि मग वसंत आला, वाऱ्याचा ऋतू.

एका दुपारी खिडक्या धडधडायला लागल्या. मोठा वारा होता. मुंतहा स्वयंपाकघरात मसूर निवडत होती आणि रीम आतल्या खोलीत झोपली होती. निवडता निवडता मुंतहाचा हात एकदम थांबला. काहीतरी चुकत होतं. वारा आहे आणि आतून आवाज नाही! इतकी वर्षं असा वारा सुटला की रीमच्या छातीतली शिट्टी तीन खोल्या ओलांडून ऐकू यायची. झोपेतसुद्धा मुंतहाचा एक कान त्या शिट्टीवर असायचा. ती वाजतेय म्हणजे पोर आहे.

मसूर जमिनीवर विखुरला. ती धावत आत गेली, रीमच्या नाकापाशी हात धरला. हाताला ऊब लागली. पोर गाढ झोपली होती, तोंड मिटून, नाकाने श्वास घेत, इतर कुठल्याही मुलीसारखी. मुंतहा तिथेच जमिनीवर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

मुतलग बाहेरून धावत आले. "काय झालं? बोल ना! काय झालं पोरीला?"

"काही नाही, बाबा," मुंतहा रडत रडतच म्हणाली. "आवाजच येत नाहीये. ऐका तुम्ही. काहीच येत नाहीये."

म्हातारा खाली वाकला. नातीच्या छातीपाशी त्याने कान नेला. बाहेर वारा नुसता गरजत होता. मग त्यानेही हळूच जमिनीवर बसकण मारली, आणि रीम उठेपर्यंत ते दोघं तिथेच बसून राहिले.